पुण्याची सनद आणि मेलबर्नचं कम्युनिटी लीगल सेंटर

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

मी पुण्यात एलएलबी करून सात वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली. बहुतेक कामं कौटुंबिक आणि दिवाणी. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नला आलो. पीआर आहे, वेरिबीकडे राहतो, मुलगी शाळेत जाते, आणि मी सध्या आठवड्याचे चार दिवस एज्ड केअरमध्ये काम करते. इथे वकिली करायची तर पुन्हा शिकावं लागतं हे कळल्यावर मी तो विषय बाजूला ठेवला होता. आता एक मैत्रीण म्हणते की कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये, म्हणजे लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्रात, व्हॉलंटियर हो. मिस्टरांचं म्हणणं, सात वर्षं प्रॅक्टिस केलेल्या बाईने फुकटात फोटोकॉप्या काढायला कशाला जायचं? ओळखीतल्या एका व्हिसा कन्सल्टंटने ‘सहा महिने बिनपगारी या, अनुभवाचं पत्र देतो’ असंही सांगितलंय. इथल्या मराठी मंडळातले लोक आत्ताच मला व्हिसाचे आणि घरभाड्याचे प्रश्न विचारतात, मी जमेल तसं सांगते. एका सेंटरला ईमेल केली होती, उत्तर आलं नाही. मी जावं का? आणि यातून पुढे नोकरी मिळते का?

उत्तर

जा. नक्की जा. पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा. आठवड्यातला एक ठरावीक वार निदान वर्षभर देता येणार असेल तरच नाव द्या. आणि तुमच्या पदवीचं इथल्या वकिलीच्या बोर्डाकडून मूल्यमापन करून घ्यायचा अर्ज त्याच महिन्यात हातात घ्या. ‘आधी सेंटरमध्ये जाऊन बघते, मग ठरवते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. हुशार, कामसू बायका, पण दोन वर्षांनी अर्ज तिथेच आणि त्याही तिथेच. दोन्ही कामं एकाच वेळी चालू द्या.

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. त्याआधी ही सेंटरं काय आहेत ते सांगते, कारण आपल्याकडच्या अनुभवावरून अंदाज बांधला की तो चुकतो. तिकडे तुम्ही कोर्टाच्या आवारातली विधी सेवा समिती पाहिली असेल. इथे त्या धर्तीची सरकारी संस्था वेगळी, ती म्हणजे व्हिक्टोरिया लीगल एड. कम्युनिटी लीगल सेंटरं ही स्वतंत्र, ना-नफा संस्था आहेत. पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांकडून येतो, पण कारभार त्यांच्या स्वतःच्या व्यवस्थापन मंडळाकडे असतो, आणि गरज पडली की त्या सरकारविरुद्धही उभ्या राहतात. १९७० मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये पोलिसांच्या जाचाला कंटाळलेल्या ॲबोरिजिनल तरुणांनी आणि त्यांच्या साथीला आलेल्या वकिलांनी पहिली ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस सुरू केली. ॲबोरिजिनल समाजाच्या हातात असलेल्या कायदासेवांचा तो प्रवाह आजही स्वतंत्रपणे चालतो. डिसेंबर १९७२ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय टाऊन हॉलच्या तळघरात फिट्झरॉय लीगल सर्व्हिस उघडली. वकील दिवसभर आपलं ऑफिस करून संध्याकाळी तिथे बसायचे, मानधन नाही. आज देशभरात दीडशेहून जास्त सेंटरं आहेत आणि त्यांत पगारी माणसंही भरपूर आहेत, पण पाया व्हॉलंटियरांनी घातलेला आहे. त्यामुळे तिथे व्हॉलंटियरला हलकं समजत नाहीत. अंगावर काम टाकतात आणि ते नीट व्हावं अशी अपेक्षाही ठेवतात.

आता फोटोकॉप्यांबद्दल. थोड्या काढाव्या लागतील. पण नव्या व्हॉलंटियरकडे बहुतेक ठिकाणी येतं ते इनटेकचं काम, म्हणजे फोन उचलणं, माणसाचं म्हणणं समजून घेणं आणि वकिलापुढे ठेवायचं टिपण तयार करणं. वाचताना हे कारकुनी वाटेल. माझं मत विचाराल तर सेंटरमधलं सगळ्यांत जोखमीचं काम हेच आहे. वकिलाकडे अर्धा-पाऊण तास असतो आणि तो तुमच्या टिपणावर उभा असतो. टिपणात तारीख चुकली तर सल्लाही चुकतो.

समजा, फोन वाजतो. पलीकडे एक बाई आहे. म्हणते, ‘टोलचे दंड आलेत, मला हप्ते बांधून हवेत.’ घाईतला माणूस लिहील: दंड, हप्ते हवेत. संपलं. तुम्ही मात्र सगळ्यांत आधी विचारायचं की आत्ता बोलायला मोकळं आहे का, याच नंबरवर परत फोन केला तर चालेल का, आणि व्हॉइसमेलवर सेंटरचं नाव घेतलेलं चालेल का. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘मेसेज ठेवू नका.’ इथे तुमचे कान टवकारले पाहिजेत. मग हळूहळू विचारायचं. गाडी कुणाच्या नावावर? तिच्या. चालवतं कोण? नवरा. तो कुठे असतो? आठ महिन्यांपूर्वी ती घर सोडून बाहेर पडली, गाडी त्याच्याकडेच राहिली, आणि नावावरून काढ म्हणायची तिची हिंमत नाही. शेवटचा कागद कोणता आला? ‘शेरीफचं काहीतरी आहे.’ त्यावर वर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. सात दिवसांची नोटीस. हातात कधी दिली? परवा.

पाहा, दोन वाक्यांचा फोन कुठे येऊन पोचला. दंडाच्या वसुलीत शेरीफची, म्हणजे वसुली करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, ती सात दिवसांची नोटीस हा अगदी शेवटाकडचा टप्पा आहे, आणि ते दिवस उलटले की पर्याय भराभर कमी होतात. घरातल्या हिंसेमुळे ज्यांच्या माथी असे दंड आले त्यांच्यासाठी फाइन्स व्हिक्टोरिया या राज्याच्या दंडवसुली यंत्रणेची वेगळी योजना आहे, तिच्यातून दंड मागेही घेतले जाऊ शकतात. हप्त्यांची भाषा करण्याआधी हा रस्ता तपासायला हवा. तो तपासणार वकील. पण हे प्रकरण पुढच्या आठवड्याच्या यादीत न जाता आज वकिलाच्या टेबलावर गेलं पाहिजे, हे ठरणार तुमच्या प्रश्नांवर. नोकरीवरून काढलेल्या माणसाचंही तसंच. अन्यायाने काढलं म्हणून फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीचे वाद सोडवणाऱ्या आयोगाकडे, दाद मागायला फक्त २१ दिवस मिळतात, तेही नोकरी संपल्याच्या तारखेपासून मोजून. लोक तीन आठवडे मालकाची मनधरणी करण्यात घालवतात आणि बाविसाव्या दिवशी फोन करतात. म्हणून ‘शेवटचा दिवस कोणता होता?’ हा प्रश्न ‘काय झालं?’च्याही आधी विचारायला तुम्हाला शिकवतील.

दुसरी गोष्ट, जी तुम्हाला तिकडे क्वचितच करावी लागली असेल: समोरच्या पक्षाचं नाव गोष्ट ऐकण्याआधी विचारून घेणं. सेंटरने पूर्वी नवऱ्याला सल्ला दिला असेल, तर त्याच भांडणात बायकोला देता येत नाही. ते तपासल्याशिवाय तिची हकीकत ऐकायचीच नाही. आणि नाव अडकलं, तर का अडकलं हेही तिला सांगता येत नाही, कारण तो आपला अशील होता एवढं कळणंसुद्धा गुपित फुटण्यासारखं आहे. ‘आम्हाला मदत करता येणार नाही, पण या दुसऱ्या सेंटरला जोडून देते’ एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याला ते तुटक वाटतं, तुम्हालाही बोलताना जड जाईल. इथे तुमचा उपयोग फार आहे. आपल्या नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, लग्नानंतर आडनाव बदलतं किंवा बदलत नाही, पासपोर्टवर सगळंच ‘गिव्हन नेम’मध्ये कोंबलेलं असतं, आणि एकाच आडनावाची स्पेलिंगं तीन. इथल्या माणसाने एकदा शोधून ‘सापडलं नाही’ म्हटलं, तरी तुम्ही दुसरं स्पेलिंग घालून बघाल, जन्मतारीख मागाल.

आता अवघड भागाकडे येते. कोर्टाच्या व्हरांड्यात सात वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय लागते. पक्षकाराने विचारलं की चालता चालता उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तो दुसऱ्या वकिलाकडे जातो. ही सवय इथे सोडावी लागेल. तुमची सनद इथे चालत नाही, आणि परवाना नसताना कायद्याचा सल्ला देणं हा व्हिक्टोरियात गुन्हा आहे. लीगल प्रोफेशन युनिफॉर्म लॉ इथे आणि न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०१५ पासून लागू आहे, त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. स्वतःला ‘लॉयर’ म्हणवून घेणंही त्यातच येतं. लिंक्डइनवर तुम्ही काय लिहिलंय ते आजच बघा. ‘भारतात वकील म्हणून नोंदणी, ऑस्ट्रेलियात अद्याप नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या. सेंटरमध्ये माहिती देता येते: अमुक अर्ज कुठे मिळतो, मुदत किती असते, सुनावणी कुठे होते. ‘तुमच्या जागी मी हा अर्ज केला असता’ इथे सल्ला सुरू होतो, आणि तो वकिलानेच द्यायचा. तुमच्या जिभेवर उत्तर तयार असेल, बऱ्याचदा ते बरोबरही असेल. तरी थांबायचं.

यावरून मंडळातल्या प्रश्नांवर येते, कारण पत्रातल्या या एका ओळीने मला खरोखर काळजी वाटली. व्हिसाचे प्रश्न घेणं आजपासून बंद करा. मायग्रेशन ॲक्ट १९५८ नुसार व्हिसाच्या अर्जासाठी सल्ला देणं किंवा तुमच्या अनुभवाच्या बळावर अर्ज तयार करून देणं हे नोंदणीकृत मायग्रेशन एजंटने किंवा परवाना असलेल्या वकिलानेच करायचं काम आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून ते माफ होत नाही. घेतले तर शिक्षा कितीतरी पटीने वाढते. नवरा, मुलं, आईवडील, भावंडं अशा जवळच्या नात्यातल्यांना मदत करायला मुभा आहे. ‘मंडळातल्या काकू’ त्या यादीत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, चुकीच्या चौकटीवर खूण केल्यामुळे एखाद्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला, तर तो निकाल त्याच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटून येतो. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी ते निस्तरता येत नाही.

मग लोकांना काय सांगायचं? तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्या लोकांत जड जातं, मला कळतं. ‘मला इथे सांगायची परवानगी नाही, पण कुणाकडे जायचं ते सांगते’ हे वाक्य पाठ करून ठेवा आणि नंबर जवळ बाळगा. भाड्याच्या घराबद्दल टेनंट्स व्हिक्टोरिया, नोकरीबद्दल जॉबवॉच, कर्ज आणि वसुलीबद्दल कन्झ्युमर ॲक्शन लॉ सेंटर, घरातल्या हिंसेत स्थलांतरित बायकांसाठी इनटच, आणि तुमच्या भागातल्या इतर सगळ्या गोष्टींसाठी वेस्टजस्टिस. योग्य दारापर्यंत पोचवणं ही मदतच आहे, आणि ती करायला कुठलाही परवाना लागत नाही.

हिंसेचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते. तुमच्या सात वर्षांचा सगळ्यांत जास्त उपयोग होईल तो इथे, आणि सगळ्यांत जास्त सावध राहावं लागेल तेही इथेच. व्हिक्टोरियाच्या फॅमिली व्हायोलन्स प्रोटेक्शन ॲक्ट २००८ मध्ये २०१९ पासून हुंड्यासाठीच्या छळाचा उदाहरण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. कायद्यात शब्द आला, पण समोर बसलेली बाई तो शब्द वापरतेच असं नाही. ती म्हणते, ‘माझे दागिने सासूबाईंकडे सांभाळायला आहेत.’ इथल्या मुलीला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. तुम्ही विचाराल की लॉकर कुणाच्या नावावर आहे, शेवटचे कधी पाहिलेत, मागितलेत तर काय होईल. पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, पगार कुणाच्या खात्यात जातो, माहेरी फोन करताना खोलीत कोण असतं, हे विचारायला तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

धोका असा की ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाची, प्रकरणं हाताळलेल्या माणसाच्या डोक्यात तिकडचा नकाशा पक्का असतो: तक्रार, पोलीस, अटक, मग तडजोड. इथे इंटरव्हेन्शन ऑर्डर हा हिंसा करणाऱ्याला रोखणारा, मॅजिस्ट्रेट्स कोर्टातला दिवाणी स्वरूपाचा आदेश आहे, तो मोडला की फौजदारी सुरू होते. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बाईसाठी स्थलांतर कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत, आणि ‘तक्रार केलीस तर तुला परत पाठवतील’ ही धमकी दर वेळी खरी नसते. हे तिला सांगायचं ते वकिलाने. तुम्ही मात्र ती धमकी तिच्याच शब्दांत टिपून घ्यायची, कधी दिली आणि कुणासमोर दिली त्यासकट. आणि कृपा करून, ‘थोडं सांभाळून घे, मुलांकडे बघ’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही म्हणणार नाही, मला खात्री आहे, पण तिने ते इतक्या मराठी बायकांच्या तोंडून ऐकलेलं असतं की तुमचा आवाज मराठी असल्यानेच ती दचकून असते. काही बायका तर मराठी माणूस नकोच म्हणतात, गोष्ट मंडळात पोचेल या भीतीने. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, लगेच दुसऱ्या सहकाऱ्याकडे फोन द्या.

ती भीती अनाठायी नाही. मेलबर्नचं मराठी जग लहान आहे. गणपतीत आरतीला उभ्या असताना शेजारी तीच बाई असेल. तिने ओळख दाखवली तर हसा, नाही दाखवली तर तुम्ही कधीच भेटला नाहीत. घरी मिस्टरांनाही नाव सांगायचं नाही, ‘एक केस होती’ म्हणूनही नाही, कारण तीन तपशील दिले की चौथा ते स्वतः जोडतील. दोघांपैकी एकालाही ओळखत असाल तर तसं सुपरवायझरला सांगून फाइल बंद करायची. दुभाष्याचं कामही ‘तुम्हाला मराठी येतंच की’ म्हणून गळ्यात पडू देऊ नका. सल्ल्याच्या वेळी व्यावसायिक दुभाषी हवा, टिस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेचा १३१ ४५० हा नंबर त्यासाठीच आहे. तुम्ही प्रश्न विचारणाऱ्याही आणि भाषांतर करणाऱ्याही झालात, तर उद्या ती नक्की काय म्हणाली यावर वाद उभा राहतो.

व्हिसा कन्सल्टंटच्या ‘सहा महिने बिनपगारी’ला सरळ नकार द्या. सेंटर ना-नफा आहे आणि तुम्ही तिथे समाजासाठी वेळ देता. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑफिसात ठरलेल्या वेळेला जाऊन त्यांची गिऱ्हाइकं सांभाळलीत तर ती नोकरी झाली, आणि फेअर वर्क ॲक्टप्रमाणे तिला पगार द्यावाच लागतो. अपवाद म्हणजे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायची प्लेसमेंट. अनुभवाच्या पत्राचं आमिष दाखवून नव्याने आलेल्यांना राबवून घेणं इथे सर्रास चालतं, आणि त्यात आपलीच माणसं आपल्याच माणसांना राबवतात याचा मला मनापासून राग आहे. शिवाय त्या ऑफिसात तुमच्याकडून व्हिसाचे अर्ज भरून घेतले गेले, तर वर सांगितलेला कायदा तुमच्याही मानेवर बसतो.

नोकरीचं विचारलंत. हमी नाही, आणि कुठलंही सेंटर हमी देत असेल तर मला नवल वाटेल. पण इथे जागा निघाली की अर्जात दोन गोष्टी पाहतात: इथल्या पद्धतीने काम केल्याचा अनुभव आणि त्याची खात्री देणारा इथला माणूस. दोन्ही तुम्हाला तिथे मिळतात. परवान्याआधीही इनटेक ऑफिसर, वकिलाच्या हाताखाली काम करणारे पॅरालीगल, समाजात जाऊन माहिती देणारे कम्युनिटी वर्कर अशा पगारी जागा असतात. पगार मोठ्या फर्मच्या जवळपासही नाही. मात्र बऱ्याच सेंटरांना सॅलरी पॅकेजिंगची सवलत असते, वर्षाला १५,९०० डॉलरपर्यंत रक्कम करमुक्त वापरता येते, त्यामुळे हातात पडणारा आकडा जाहिरातीपेक्षा बरा निघतो. हे मिस्टरांना सांगा, हिशोबाच्या माणसाला पटेल. आणि एज्ड केअरची नोकरी सोडू नका. चार दिवस ते, एक दिवस किंवा एक संध्याकाळ हे.

परवान्याचा रस्ता असा: व्हिक्टोरियन लीगल ॲडमिशन्स बोर्डाकडे पदवीची आणि वकिलीच्या वर्षांची कागदपत्रं द्यायची. प्रिस्टली इलेव्हन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ विषयांपैकी कोणते पुन्हा करायचे ते बोर्ड कळवतं. तुमची सात वर्षं वाया जात नाहीत, पण इथलं संविधान, मालमत्तेचा कायदा असे विषय भारतीय वकिलांना साधारणपणे करावे लागतात. इंग्रजीची परीक्षाही असते आणि तिच्यात लेखनाची अट सगळ्यांत कडक आहे. सेंटरमध्ये दर आठवड्याला फाइल नोट लिहिणाऱ्या माणसाचं इंग्रजी त्या परीक्षेसाठी आपोआप तयार होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पुढे प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंगची प्लेसमेंट करायची वेळ येईल तेव्हा ती त्याच सेंटरमध्ये होऊ शकते का, हे आत्ताच विचारून ठेवा. आणि परवाना मिळाल्यावरही नोकरी दुसरीकडे करून सेंटरमध्ये संध्याकाळी बसता येतं. व्हॉलंटियर म्हणून प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, म्हणजे वकिली करायचा परवाना, घ्यायचीही सोय युनिफॉर्म लॉमध्ये आहे.

ईमेलला उत्तर न येणं मनाला लावून घेऊ नका. बरीच सेंटरं वर्षातून एक-दोनदाच व्हॉलंटियर घेतात आणि मधल्या काळातल्या ईमेली तशाच पडून राहतात. फोन करा आणि पुढची भरती कधी, एवढंच विचारा. फेडरेशन ऑफ कम्युनिटी लीगल सेंटर्सच्या आणि एथिकल जॉब्सच्या साइटवर जाहिराती येतात. अर्जात किती केसेस लढवल्या ते एका ओळीत संपवा. त्याऐवजी कोणता वार मोकळा आहे, किती महिने याल, मराठी-हिंदी किती सफाईने बोलता, आणि घाबरलेल्या पक्षकाराकडून तारखा कशा काढून घेता हे एका छोट्या उदाहरणासह लिहा. पोलीस चेक आणि वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक लागेल. मुलाखतीत तुम्हीही विचारा: माझ्या टिपणावर नजर कोण ठेवणार, प्रशिक्षण किती दिवसांचं, सेंटरच्या विम्यात व्हॉलंटियर येतात का, जाण्यायेण्याचा खर्च मिळतो का. पहिल्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरं सेंटर शोधा.

आणखी एक, जे मुलाखतीत कुणी सांगत नाही. काही फोन ठेवल्यानंतरही डोक्यातून जात नाहीत. तुम्ही कौटुंबिक कोर्ट पाहिलेलं आहे, तुम्हाला वाटेल मला सवय आहे. पण तिकडे हातात वकीलपत्र होतं, पुढची तारीख होती, काहीतरी करता येत होतं. इथे फोन पुढे सोपवला की त्या बाईचं पुढे काय झालं हे बऱ्याचदा कळतही नाही. शिफ्ट संपताना सुपरवायझरशी दहा मिनिटं बोलूनच निघा, आणि दुसऱ्या दिवशीही तो आवाज कानात असेल तर त्यांना फोन करा. तो फोन घेणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.